आत्तीचं गाणं आणि माझी डिस्क-सफाई

पहिली चूक हिरव्या बटणाची.

संगणक साफ करायची सॉफ्टवेअर फुकटात मिळतात, असं ऑफिसात कुणीतरी चहा पिता पिता म्हणालं होतं. फुकटात म्हटल्यावर मी रविवारी पोहे खाऊन लगेच बसलो. पान उघडलं तर मधोमध ताटाएवढं हिरवं बटण, त्यावर 'डाउनलोड' लिहिलेलं. आता एवढं मोठं बटण समोर असताना माणसानं दुसरं काय दाबायचं? खरं बटण खाली कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत होतं, हे मला फार उशिरा समजलं. हिरव्या बटणातून जे आलं, ते येताना भावंडांना घेऊनच आलं. एक हवामान सांगणारं, एक इंटरनेटचं पहिलं पान बदलून बसणारं, आणि एक बाई. बाई दिसायची नाही, नुसती इंग्रजीत बोलायची. तुमचा संगणक धोक्यात आहे, हे एवढंच, पण इतक्या कळकळीनं की स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला,

"कोण आलंय हो? बसा म्हणावं, चहा ठेवलाय."

कुणी आलेलं नाही, हे तिला पटवता पटवता बाईनं आणखी दोनदा धोक्याची सूचना दिली. शेवटी मी वायर ओढली. बायको पदराला हात पुसत बाहेर आली, बंद पडद्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि एक कप चहा मला देऊन दुसरा स्वतः प्यायली.

पण मी हार मानणाऱ्यांतला नाही. संगणक तसा लेकीचा. ती इंजिनिअरिंगला गेली तेव्हा घेतलेला. पुढं तिला पुण्यात नोकरी लागली, नवा लॅपटॉप मिळाला, आणि मुलीकडून बापाकडं असा उलटा वारसा माझ्याकडं आला. इतका संथ झाला होता की मी सकाळी बटण दाबून आंघोळीला जायचो, देवपूजा उरकायचो, तरी आल्यावर तो अजून 'थांबा' म्हणत असायचा. आतली डिस्क जुन्या पद्धतीची, गरगर फिरणारी. जुन्या शिलाई मशीनसारखी कुरकुरायची. बायको म्हणायची, द्या भंगारात. मी म्हणायचो, माणूस म्हातारा झाला म्हणून टाकून देतात काय?

महिन्याभरात मी तरबेज झालो. कुठलं बटण खरं, कुठलं जाहिरातीचं, हे मला आता मंडईत वांगी निवडावीत तसं कळायला लागलं. सॉफ्टवेअर बसवताना मध्ये मध्ये बारीक चौकोनांत बरोबरच्या खुणा आधीच करून ठेवलेल्या असतात. त्या काढल्या नाहीत की भावंडं येतात. त्या मी एकेक करून काढायचो. निम्मी हत्यारं तर संगणकाच्या पोटातच आधीपासून असतात, हेही मला सापडलं. एक केर काढणारं: इंटरनेटनं मागं टाकलेला पालापाचोळा, अर्धवट फाइली, रिकामी न केलेली कचरापेटी. एक सारख्या फाइली शोधणारं, हे मात्र बाहेरून आणलेलं. आणि सगळ्यांत देखणं म्हणजे डीफ्रॅग.

डीफ्रॅग म्हणजे काय, हे मी बायकोला जमिनीवरून समजावलं होतं. आमच्या आजोबांची जमीन अशीच होती. एक तुकडा नदीकाठाला, एक माळाला, एक ओढ्यापलीकडं. खत न्यायचं तर बैलगाडीचा निम्मा दिवस रस्त्यातच. डिस्कवर फाइली तशाच विखुरतात, डोकं एकीकडं, पाय दुसरीकडं. त्या गोळा करून एका जागी लावायच्या, तुकडेजोड करायची, की यंत्राची धावपळ वाचते.

"आणि भांडणं?" बायकोनं विचारलं.

"कसली भांडणं?"

"तुकडेजोडीत तुमच्या चुलत्यांनी कोयते काढले होते की."

"हितं कोण भांडत न्हाई. फाइल गप्प सरकते."

मी वापरायचो त्या सॉफ्टवेअरमध्ये डिस्कचं चित्र दिसायचं. बारीक बारीक चौकोन, तांबडे विस्कटलेले, निळे नीट बसलेले. एकेक तांबडा चौकोन उचलला जायचा आणि निळा होऊन रांगेत जाऊन बसायचा. ते बघत मी तासन्‌तास बसलोय. घरी पाहुणे आले तर त्यांनाही खुर्ची ओढून दाखवलंय. एकदा थोरले साडू पुरणपोळी खायला आले आणि पोळी थंड होईपर्यंत चौकोन बघत बसले. जाताना म्हणाले, "आमचा पण तेवढा करून द्या की." तिथून सुरुवात झाली. साडूंचा केला, ऑफिसातल्या दोघांचा केला, शेजारच्या क्लासवाल्यांचा केला. सगळ्यांचे संगणक पळायला लागले असं मी म्हणणार नाही, पण कुणी परत तक्रार घेऊन आलं नाही, आणि आमच्या पेठेत तेवढं पुरतं.

आता बायकोचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

आमच्या मंगळवार पेठेतल्या गल्लीत बायकांचा झिम्मा-फुगडीचा संघ आहे. गौरी-गणपतीच्या दिवसांत स्पर्धा असतात. नऊवारी नेसलेल्या बायका झिम्मा, फुगडी, घागर घुमवणं, सूप नाचवणं असलं करून स्टेज हलवतात. संघाची म्होरकी माझी बायको. तिचं माहेर आजऱ्याकडचं, आणि माहेरी तिची आत्ती, म्हणजे वडिलांची बहीण. वय झालंय, पण पंचमीला फेर धरला की पोरीसोरी दमतात, ही दमत नाही. तिच्याकडची गाणी दुसरीकडं कुठं ऐकायला मिळत नाहीत. सासूच्या लाडक्या बोक्याचं एक, मेहुण्याच्या मिशीचं एक, काजू फोडता फोडता बोटं काळी झालेल्या नणंदेचं एक. स्पर्धेत सगळे संघ तीच ती घासलेली गाणी म्हणतात, आपण आत्तीची आणायची, असा बायकोचा बेत होता.

म्हणून वर्षभर ती माहेरी गेली की फोनवर आत्तीला टिपून आणायची. पंचमीची एक दुपार, गौरीची एक दुपार, नातीच्या हळदीची एक, आणखीही काही. गाणी फोनच्या ग्रुपवर टाकायची नाहीत असा तिचा कडक नियम. ग्रुपातल्या एकीची जाऊ पलीकडच्या गल्लीतल्या संघात होती. तेव्हा गाणी फोनमधून काढून आमच्या संगणकात ठेवायचं काम माझ्याकडं. दर वेळी मी नवा फोल्डर करायचो, फाइलला नाव ती द्यायची, आणि तिनं दर वेळी एकच नाव दिलं: आत्तीचं गाणं.

यात तिचं काही चुकलं नाही. झिम्म्याच्या गाण्याला कुठं नाव असतं? बायका गाणं ओळखतात ते कुणी आणलं त्यावरून. हे काकूचं, हे थोरल्या वहिनीचं, हे आत्तीचं. त्यातलं नेमकं कुठलं, ते बोलता बोलता हाताच्या टाळीवरून कळतं. एवढी वर्षं मी त्या बोलण्यात राहतोय. मला हे माहीत होतं. यंत्राला माहीत नव्हतं, आणि यंत्रानं मलाच विचारलं.

श्रावणातला रविवार होता. कोल्हापुरात श्रावणातल्या रविवारी पुरुषाला काही उद्योग नसतो. मटणाच्या दुकानापुढं उभं राहायचं नाही, रस्सा तिखट झाला की आळणी यावर बोलायचं नाही. बायको देवळात गेली होती. मी म्हटलं, पूर्ण सफाई करू. आधी केर काढला. मग सारख्या फाइली शोधायला लावल्या. त्यात दोन पर्याय असतात. आतला मजकूर ताडून बघायचा, त्याला वेळ लागतो. किंवा नुसती नावं जुळवायची, ते चटकन होतं. मी चटकन होणारं घेतलं. यादी आली. एकाच नावाच्या बऱ्याच फाइली, आणि चांगल्या लठ्ठ. मला बरंच वाटलं. म्हटलं, एकच गाणं एवढ्या वेळा साठवलंय, म्हणून संगणक धापा टाकतोय. पहिली ठेवली, बाकीच्यांवर खूण केली. 'कायमच्या काढू काय?' असं त्यानं विचारलं. कचरापेटीत टाकून परत तीच पेटी कोण उपसत बसणार? मी 'हो' म्हणालो.

आणि मग, काम अर्धवट सोडायची सवय नाही म्हणून, डीफ्रॅग लावला. चौकोन इतके सुरेख बसले त्या दिवशी!

मंगळवारी दुपारी संघाच्या बायका आमच्या हॉलमध्ये सरावाला जमायच्या. सोफा भिंतीला लावून ठेवणं हे माझं काम. सोमवारी संध्याकाळी बायको म्हणाली, उद्यापासून नवी गाणी घ्यायची, जरा लावा, मला आधी ऐकू दे. मी पंचमीचा फोल्डर उघडला. गाणं होतं. गौरीचा उघडला. रिकामा. हळदीचा उघडला. रिकामा.

"दुसरीकडं ठेवलं असंल," ती म्हणाली.

मी माउस हातातून सोडला. तेव्हा तिला शंका आली.

"काय केलासा?"

मी सांगितलं. यादी, नावं, लठ्ठ फाइली, सगळं. सांगून झाल्यावर ती खुर्चीवर बसली.

"उद्या बायका येणार," ती म्हणाली. "मी सगळ्यांना वर्षभर सांगत आलोय, माझ्याकडं गाणी हाईत म्हणून. एका गाण्यावर काय पंधरा बायका नाचवू?"

आमच्याकडच्या बायका 'आलो, गेलो'च म्हणतात, पण त्या दिवशी तिचं ते 'आलोय' मला शिपायानं समन्स वाचून दाखवावं तसं ऐकू आलं.

"परत आणतो," मी म्हणालो. आणि ते मी उगीच धीर द्यायला म्हणालो नव्हतो. काढलेल्या फाइली परत आणणारी सॉफ्टवेअरही फुकटात मिळतात, हे मला माहीत होतं. लेकीला फोन लावला. ती हेडफोन घालून घाईत बोलत होती.

"पप्पा, घाबरू नका. फाइल काढली म्हणजे ती लगेच जात नाही. जागा रिकामी आहे अशी नोंद होते फक्त. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत जुनं तसंच असतं. तुम्ही त्यानंतर काही केलं नाहीत ना?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"पप्पा? डीफ्रॅग केलंत?"

"थोडंसं."

"थोडंसं डीफ्रॅग नसतं हो पप्पा!"

मला चित्र स्पष्ट दिसलं. सातबाऱ्यावरून नाव उडालं होतं, पण रानात पीक उभं होतं. आणि मी स्वतःच्या हातानं तुकडेजोड करून, दुसऱ्यांची रानं त्यावर आणून बसवून, ते पीक नांगरून टाकलं होतं. आणि वर रविवारभर त्याकडं कौतुकानं बघत बसलो होतो.

लेकीनं एक चांगलं सांगितलं: परत आणणारं सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर बसवू नका, पेन-ड्राइव्हवर बसवा, नाहीतर उरलंसुरलंही जाईल. तसं केलं. हिरवं बटण बिनचूक चुकवलं, चौकोनांतल्या खुणा काढल्या. डिस्क कुरकुरत राहिली आणि यादी आली. 'आत्तीचं गाणं' नावाच्या फाइली होत्या, सगळ्या! बायको माझ्या खांद्यामागं उभी होती, तिचा श्वास मला ऐकू येत होता. पहिली लावली. खर्रर्र. दुसरी लावली. खर्रर्र, मग एक टाळी, मग खर्रर्र. तिसरी लावली आणि आत्तीचा आवाज आला, अगदी स्वच्छ:

"अगं, त्या कोंबडीला हाकल आदी! तांदळात शिरलीया बघ!"

कोंबडीचा पाठलाग पूर्ण वाचला होता. भांडं पडल्याचा आवाजही होता. "आता म्हणतो बघ," असं आत्ती म्हणाली, बांगड्या वाजल्या, आणि तिथून पुढं खर्रर्र. शेवटच्या फाइलीत बोक्याच्या गाण्याचं निम्मं कडवं मिळालं आणि मागून, मी सोबत गेलो होतो तेव्हाचा, माझाच आवाज, 'चहा झाला काय?' म्हणणारा. म्हणजे यंत्रानं नेमकं तेवढं जपून ठेवलं होतं.

बायकोनं आत्तीला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"आत्ती, ती गाणी परत एकदा म्हणून दावतीस काय? फोनवर?"

"का? टिपलीस की तू."

"ह्यांनी पुसली."

पलीकडं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग: "पावणं हाईत काय तिथं?"

"हाय मी, आत्ती," मी म्हणालो.

"कशानं पुसली?"

"सॉफ्टवेअरनं."

"बरं," आत्ती म्हणाली, जणू सॉफ्टवेअर म्हणजे तिच्या ओळखीतलं एक वाईट फडकं आहे. मग बायकोला म्हणाली, "असं बसून न्हाई गं येत मला. मिशीच्या गाण्याला पाय उचलायला लागतोय, तवा पुढची ओळ येतीया. नणंदेचं तर समोर कोण तरी हात मारल्याबिगर सुरूच हुत न्हाई. फोनला काय हात मारू?"

तिनं तरी प्रयत्न केला. दोन ओळी म्हणाली, अडकली, परत मागून धरली, परत तिथंच अडकली. मग स्वतःवरच चिडली आणि फोन ठेवला. बायको फोन हातात धरून तशीच बसली. मी मनात ठरवलं ते तिथंच. गाणी डिस्कवर नाहीत, फोनवर येत नाहीत, ती आत्तीच्या पायांत आहेत. म्हणजे पाय इकडं आणले पाहिजेत.

मंगळवारी ऑफिसला रजा टाकली आणि सकाळीच गाडी काढून आजऱ्याला गेलो. आत्ती अंगणात तांदूळ निवडत होती. मी काही बोलायच्या आधीच म्हणाली, "ह्या सुपातलं एवढं हुंदे. कापडं बांधूनच ठेवल्यात." मी येणार म्हणून बायकोनं परत फोन केला होता काय, मी विचारलं. नाही म्हणाली. "पुसल्यावर तुम्ही येणार की. दुसरं काय करतासा?"

वाटेत मी तिला काय झालं ते नीट समजावलं, नावं जुळवण्यापासून. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे माझं नाव असलेलं सगळं एकच, असं वाटलं तुमच्या त्या डब्याला?"

"व्हय."

"आणि तुम्हाला?"

मी गिअर बदलला.

दुपारी हॉल भरला होता. सोफा भिंतीला, संगणक बंद करून कापडानं झाकलेला. फिरत्या डिस्कला हादरे सोसत नाहीत आणि पंधरा बायकांचा झिम्मा म्हणजे लहान भूकंप. बायकोनं कुणाला काही सांगितलं नव्हतं. ती फक्त म्हणाली, "ही माझी आत्ती. गाणी हिची हाईत. हिच्याकडनंच घ्यायची."

आत्ती मधे उभी राहिली. पहिल्यांदा काहीच आठवेना. तिनं एकीला समोर घेतलं, तिच्या हातावर हात मारला, परत मारला, पाय उचलला. आणि मिशी आली. मिशीच्या मागोमाग बोका आला. मी स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभा होतो आणि हातातले कप वाजत होते. नणंदेच्या गाण्यात तिनं मधेच एक अख्खं कडवं असं म्हटलं की बायको थांबली.

"हे तू मला कधी म्हणून दावलं न्हाईस!"

"तू तवा मोबाइल धरून हुबी हुतीस, मधी कुठं आलीस?" आत्ती म्हणाली. "मधी आल्याबिगर ते म्हणायचं नसतंय."

बायकांनी कागदपेन्सिली आणल्या होत्या, त्या कुणी काढल्याच नाहीत. आत्ती राहिली. रोज दुपारी तिनं त्या सगळ्यांना दमवलं. हिचा पाय चुकला, तिची टाळी कच्ची, ह्या बाईनं जेवून यायला पाहिजे होतं. पलीकडच्या गल्लीत ज्यांची जाऊ होती त्यांनासुद्धा सगळी गाणी आली, आणि कुणाला सांगायची म्हटलं तरी त्या सांगू शकल्या नसत्या. समोर हात मारायला कुणी पाहिजे ना!

स्पर्धेत पहिला नंबर दुसऱ्या संघाला गेला. त्यांच्या घागरी भारी होत्या, मी नाही म्हणणार नाही. पण नणंदेच्या गाण्याला स्टेजसमोर बसलेल्या बायका खुर्च्या सोडून उभ्या राहिल्या आणि परीक्षकांतल्या एक बाई खाली येऊन आत्तीचे हात हातात घेऊन काहीतरी विचारत होत्या. बायको बाजूला उभी होती. घामानं केस कपाळाला चिकटलेले, नऊवारीचा काचा सुटत आलेला, आणि चेहरा असा की मला लग्नातला फोटो आठवला.

दुसऱ्या दिवशी आत्तीला आजऱ्याला सोडून आम्ही दोघं परत निघालो. माझ्या मनात एक गोष्ट घोळत होती आणि ती मला अगदी बरोबर वाटत होती, म्हणून मी ती बोलून टाकली.

"एक बघ हं. मी ती गाणी पुसली नसती, तर आत्ती कोल्हापूरला आली असती काय? ते कडवं तरी तुला मिळालं असतं काय?"

बायको खिडकीबाहेर उसाकडं बघत होती. तिनं मान वळवली, मला नीट निरखलं आणि म्हणाली,

"असं व्हय? मग पुढच्या वर्षी तो अख्खा कम्प्युटरच रंकाळ्यात सोडून या. म्हणजे माझं सगळं माहेर येईल राहायला."